रिकाम्या खोलीचं एक मिनिट

१

माइक तपासायची माझी ठरलेली पद्धत आहे. तोंडापासून माइक एक वीत लांब. खोली तीच, खुर्ची तीच, वाचणारं माणूस तेच आणि उताराही तोच. उतारा वाचून झाला की वाचणाऱ्याने उठायचं, दार ओढून बाहेर यायचं आणि मग रिकाम्या खोलीचं एक मिनिट रेकॉर्ड करायचं. लोकांना या मिनिटाचं हसू येतं. पण कुठलीच खोली गप्प नसते. प्रत्येकीचा एक बारीक सूर असतो. वाचनातला खोकला किंवा चुकलेला शब्द कापून टाकला की ती जागा या सुराने बुजवावी लागते. नाहीतर ऐकणाऱ्याला वाटतं, मध्येच कुणी भिंत काढून नेली.

सव्वीस वर्षं मी हेच केलं. स्टुडिओत मला सगळे कानसेन म्हणायचे. गेल्या वर्षी तापातून उठलो तेव्हा डावा कान गेलेला होता. कानाच्या डॉक्टरांनी तीनदा तपासलं, कागदावरची सरळ रेघ दाखवली आणि म्हणाले, "हा कान आता फक्त चष्मा अडकवायला."

मी म्हटलं, "मला चष्मा नाही."

त्यानंतर मी स्टुडिओ सोडला. एका कानाने डावं-उजवं कळत नाही आणि आमचा सगळा धंदा डाव्या-उजव्याचा. घरी बसलो. वाईट वाटायची वाट बघत होतो, पण तेही काही आलं नाही. बधिर हा शब्द कानालाही लावतात आणि माणसालाही. माझ्या बाबतीत एका शब्दात दोन्ही कामं भागली.

बायको अंधशाळेसाठी पाठ्यपुस्तकं वाचून देते. मुलं तिचा आवाज लावून अभ्यास करतात. शाळेतली रेकॉर्डिंगची खोली दुरुस्तीला काढली तेव्हा ती म्हणाली, "अहो, आपण घरीच करू. तुम्ही मशीनवर बसा, मी वाचते. एकच आवाज आहे, त्याला दोन कान कशाला लागतात?"

मला खुर्चीतून उठवायचा तो तिचा घाट होता, हे मला कळत होतं. कळूनही काही वाटलं नाही. मी उठलो.

२

आतली लहान खोली रिकामी केली. भिंतींना जुन्या गाद्या लावल्या, खिडकीवर दोन रजया टांगल्या. दाराला वरच्या अर्ध्या भागात काच होती, तिच्यातून मला बायको दिसायची. मी मशीन घेऊन बाहेर पॅसेजमध्ये बसायचो आणि दाराखालच्या फटीतून वायर आत सोडायचो.

माइक डागवाल्याने दिले. तो आमच्या स्टुडिओतला दुरुस्तीचा माणूस. सोल्डरिंगचा डाग द्यायची सळई त्याच्या हातात नसली तर तो आजारी असल्यासारखा दिसतो. निवेदकांचा एक शिकवणी वर्ग बंद पडला होता, तिथलं खोकं तो उचलून घेऊन आला.

"सात आहेत," तो म्हणाला. "सगळे जुने, सगळे स्वस्तातले. नवे होते तेव्हाही हौसेने कुणी घेतले नसतील. घरच्या स्टुडिओला चालतील असं मला वाटतं. पण वाटून काय उपयोग? चालतात का ते तूच सांग, कानसेन."

"अर्धा कानसेन," मी म्हटलं.

तो उगाच हसला.

सातही माइकना मी रंगीत चिकटपट्ट्या लावल्या. उतारा भूगोलाच्या पुस्तकातला घेतला: समुद्रसपाटीपासून जसजसं उंच जावं तसतशी हवा विरळ होत जाते, वगैरे. लाल पट्टीवाला नुसता घुमत होता. हिरव्यात 'स' आला की कुकरची शिट्टी व्हायची आणि त्या उताऱ्यात 'समुद्रसपाटी' चारदा होती. निळ्यात बायको पिंपात बसून बोलल्यासारखी वाटली. पांढऱ्याची वायर हलली की कडकड. काळा मेलेलाच होता. पिवळा त्यातल्या त्यात बरा, नाकी डोळी नीटस म्हणतात तसा.

राखाडी पट्टी लावली तो माइक दिसायला सगळ्यांत गरीब. जाळीला पोचा, दांड्यावरचा रंग उडालेला. बायकोने वाचायला सुरुवात केली आणि मी खुर्चीत सरळ झालो. आवाज जवळचा होता, भरीव होता. त्यात काही चढवलेलं नव्हतं, काही पडलेलंही नव्हतं. इतक्या स्वस्त माइककडून अशी अपेक्षा कुणी करत नाही.

मग मशीनच्या पडद्यावर एक गोष्ट दिसली. माझी बायको वाक्य सुरू करण्याआधी नाकाने छोटासा श्वास घेते, सुईत दोरा ओवताना घेतात तसा. बाकीच्या सहांपैकी चालणाऱ्या पाचांत तो प्रत्येक वाक्याआधी होता. माझं निम्मं आयुष्य लोकांचे श्वास कापण्यात गेलं आहे, त्यामुळे मला ते शोधावे लागत नाहीत, आपोआप दिसतात. राखाडीत एकही नव्हता. दोन वाक्यांमधली जागा अगदी सपाट.

"कसा आहे?" तिने काचेतून खुणेने विचारलं.

मी अंगठा वर केला. कापाकापीचं काम वाचलं, म्हणून मला थोडं बरंही वाटलं असावं.

३

ती बाहेर आली, दार ओढलं आणि पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेली. मी रिकाम्या खोलीचं मिनिट रेकॉर्ड करायला लावलं.

आधीच्या माइकांवर हे मिनिट मला पाठ झालं होतं. लिफ्टची मोटर, खालच्या टाकीचा पंप, शेजारच्या फ्रिजची लांबची घरघर. राखाडीत यातलं काहीच आलं नाही. पडद्यावर सपाट रेघ आणि त्या रेघेवर लहान लहान टेकड्या. साधारण चार सेकंदांना एक. एक जरा उंच, मग एक बसकी. मग पुन्हा उंच, पुन्हा बसकी.

मी हेडफोन घट्ट केला. उजव्या कानात काही नव्हतं. डाव्या कानात कुणीतरी श्वास घेत होतं.

आधी त्यातला श्वास माझ्या लक्षातच आला नाही. डाव्या कानात काहीतरी आहे, एवढंच लक्षात आलं. अकरा महिने त्या बाजूला काही नव्हतं. अंधारही नव्हता, अंधाराला निदान जागा तरी लागते. आणि आता तिथे एक जागा होती, आणि त्या जागेत कुणीतरी नाकाने आत घेत होतं आणि सोडत होतं.

मी हेडफोन उलटा घातला, डाव्याचा उजव्याला. श्वास डाव्या कानातच राहिला. हेडफोन काढला. थांबला. लावला. आला.

डॉक्टरांनी सांगितलं होतं की मेलेला कान कधीकधी आपणहून वाजतो, मेंदू रिकाम्या जागी काहीबाही भरतो. ठीक आहे. पण मेंदू मशीनच्या पडद्यावर टेकड्या काढत नाही.

मी बायकोला बोलावलं. तिने हेडफोन लावून मिनिटभर ऐकलं.

"काहीच तर नाही," ती म्हणाली.

"पडद्यावर बघ."

"पंखा असेल."

पंखा बंद होता. तिने तो काचेतून पाहिला, हेडफोन माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "मग माइकमध्येच असेल काहीतरी. जुनाच आहे ना. आवाज चांगला येतोय ना पण?"

"आवाज उत्तम येतोय."

"मग झालं तर."

मलाही ते पटलं. पटवून घेतलं म्हणा.

४

आम्ही राखाडी माइकवर काम सुरू केलं. भूगोल संपला, इतिहास घेतला. माझं काम निम्म्यावर आलं. शाळेतल्या सरांचा फोन आला की असं स्वच्छ रेकॉर्डिंग आमच्याकडे आजवर कुणी दिलेलं नाही. ते स्वतः जन्मापासून अंध आहेत आणि आवाजाच्या बाबतीत खोटं कौतुक करत नाहीत. बायको दिवसभर खुशीत होती.

तिचं वाचून झालं की रोज मी रिकाम्या खोलीचं मिनिट घ्यायचो. पद्धतच होती ती, असं मी स्वतःला सांगायचो. खरं म्हणजे मला ते ऐकायचं असायचं. माझ्या डाव्या कानाला या जगातली एवढी एकच गोष्ट ऐकू येत होती.

पंधरवड्याने माझ्या लक्षात आलं की तिचे विराम आखूड होत चाललेत. पूर्वी परिच्छेद संपला की ती थांबायची, पाण्याचा घोट घ्यायची. आता पानामागून पान सरळ वाचत जायची. एक दिवस मी घड्याळ लावलं. सहा मिनिटं चाळीस सेकंद, आणि दोन शब्दांत पुरता अर्धा सेकंदही नाही.

"दम नाही लागत तुला?" बाहेर आल्यावर मी विचारलं.

"नाही हो. उलट पूर्वी लागायचा. बसून वाचायची सवय झाली असेल आता."

दुसऱ्या दिवशी काहीतरी कारण सांगून मी पिवळ्या पट्टीचा माइक लावला. भूगोलाचा तोच उतारा. पहिल्या दिवशी याच माइकमध्ये तिचा श्वास प्रत्येक वाक्याआधी होता, ती फाईल माझ्याकडे होती. आता नव्हता. पांढरा लावला. नव्हता. निळा लावला, नव्हता.

म्हणजे बिघाड माइकमध्ये नव्हता.

मी राखाडी परत जोडला, कारण आवाज त्याच्यातच चांगला यायचा. आणि डाव्या कानाला लावायला दुसरं काही नव्हतं, हेही कारण होतं. ते मी त्या वेळी स्वतःशीसुद्धा बोललो नाही.

५

रविवारी दुपारी जेवून आम्ही आडवे झालो. ती माझ्याकडे पाठ करून झोपली. बावीस वर्षांत ती कशी झोपते ते मला माहीत आहे. पाच मिनिटांत श्वास खोल होतो आणि दहाव्या मिनिटाला एक बारीक शीळ येते. त्यावरून मी तिला पुष्कळ चिडवलं आहे आणि तिने दर वेळी कानावर हात ठेवले आहेत.

मी उजवा कान तिच्या मानेजवळ नेला. माझा हा कान अजून स्टुडिओतलाच आहे. दोन घरं पलीकडे कुणी भांडं ठेवलं तर ते कुठल्या धातूचं आहे ते मी सांगतो. बाहेर रिक्षा वळली. खाली कुणी बादली सरकवली. माझ्याच नाडीचे ठोके उशीत वाजत होते.

तिच्याकडून काही येत नव्हतं.

मी हाताची मागची बाजू तिच्या नाकापुढे धरली. ऊब होती. माणसाच्या चेहऱ्याजवळ असते तेवढी ऊब. वारा नव्हता. मी किती वेळ हात धरला ते मोजलं नाही, पण खांदा भरून आला. छाती हलत होती की नाही, तेही मला ठरवता आलं नाही. हलते म्हणून बघितलं की हलायची, आणि हलत नाही म्हणून बघितलं की हलायची नाही.

मग तिने कूस बदलली, डोळे उघडले आणि म्हणाली, "काय करताय?"

"माशी होती."

"मारलीत?"

"गेली."

ती पुन्हा झोपली. मी उठून पॅसेजमध्ये गेलो आणि हेडफोन लावला. आतल्या खोलीत, गाद्या-रजयांच्या मध्ये, रिकाम्या खुर्चीसमोर, श्वास खोल होत गेला. दहा मिनिटांनी त्यात एक बारीक शीळ आली.

६

तिची थोरली बहीण नर्स आहे. आम्ही दोघं तिला ताईच म्हणतो. ताई आली की आधी बीपी आणि मग चहा, हा तिचा नेम. मी या वेळी तिला मुद्दाम बोलावलं होतं. म्हटलं, जरा छातीही बघा, हल्ली फार वाचते ती.

"चल, पाठ कर," ताई म्हणाली. "दीर्घ श्वास घे."

बायकोने खांदे वर केले, खाली सोडले. ताईने स्टेथोस्कोप थोडा खाली सरकवला.

"परत."

पुन्हा खांदे वर, खाली. ताईने तो डावीकडे नेला, मग उजवीकडे, मग परत वर.

"घेतेयस ना?"

"घेतेय की. आणखी किती घेऊ? भिंती आत येतील."

ताईने चकतीवर नखाने टकटक केलं. मग ती चकती माझ्या छातीला लावली. "तुमचा तर भात्यासारखा येतोय," ती पुटपुटली. तिने कानातल्या नळ्या काढल्या, रुमालाने पुसल्या आणि पुन्हा घातल्या. पुन्हा बहिणीची पाठ. या वेळी तिने डोळे मिटले होते.

नंतर बायकोच्या बोटाला तिने ऑक्सिजन मोजायचा छोटा चिमटा लावला. आकडा आला अठ्ठ्याण्णव.

"आकडा चांगला आहे," ताई म्हणाली. थोड्या वेळाने परत म्हणाली, "आकडा चांगला आहे." स्टेथोस्कोपची घडी घालायला तिला फार वेळ लागला.

"माझेच कान धुवायला झालेत," ती हसून म्हणाली आणि चहा अर्धा ठेवून उठली.

मी जिन्यापर्यंत सोडायला गेलो. दोन पायऱ्या उतरून ती थांबली.

"तिला त्या खोलीत फार बसवू नका."

"का?"

"काही नाही. असंच." मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "तुम्ही मला काही विचारायचं ठेवलंय का मनात?"

मी म्हटलं, नाही. ती गेली. त्यानंतर दर आठवड्याला येणारी ताई महिनाभर फिरकली नाही, आणि फोनवरही ती फक्त माझ्याशी बोलायची. कशी आहे विचारायची, बरी आहे म्हटलं की लगेच ठेवायची.

७

मी ठरवलं, माइक डागवाल्याला परत द्यायचा. सकाळची अकराची वेळ. बायको बाल्कनीत कपडे वाळत घालत होती. मी आत गेलो, राखाडी माइकची वायर उपसली, नीट गुंडाळली. माइक फडक्यात बांधला, खोक्यात ठेवला, खोक्याला चिकटपट्टी लावली. पट्टीचं टोक सापडेना म्हणून जरा वेळ गेला. सगळं मिळून दहा-बारा मिनिटं.

"अगं, मी डागवाल्याकडे जाऊन येतो," असं म्हणत मी बाल्कनीत गेलो.

ती दोरीसमोर उभी होती. दोन्ही हात वर, हातात माझा शर्ट, ओठांत एक चिमटा. शर्टातून पाणी गळायचं थांबलं होतं आणि खाली तिच्या पावलांभोवती त्याचं थारोळं झालं होतं. वाऱ्याने तिच्या कपाळावरची बट हलत होती. बाकी काही हलत नव्हतं.

"अगं," मी म्हटलं.

डोळे उघडे होते आणि ती शर्टाकडे बघत होती. मी हात धरला. थंड नव्हता. गरमही नव्हता. हवेइतकाच होता. मी तो खाली ओढून पाहिला आणि तो आला नाही, तेव्हा सोडून दिला. समोरच्या इमारतीतली एक बाई खिडकीतून चादर झटकत होती. तिने आमच्याकडे पाहिलं, ओळखीचं हसली आणि आत गेली. तिला काही वावगं दिसलं नसावं. नवराबायको कपडे वाळत घालत होते.

मी धावलो असं मला वाटत नाही. चालतच गेलो. खोक्याची पट्टी दातांनी तोडली, वायर जोडली, मशीन लावलं, हेडफोन घातला. डाव्या कानात काही नव्हतं. मी आवाज पूर्ण वाढवला. मग एक लांब, खोल श्वास आला, पाण्यातून डोकं वर काढल्यासारखा.

उजव्या कानाला बाल्कनीतून चिमट्याचा खटका ऐकू आला. मग तिचा आवाज: "अहो, फरशी पुसायचं आणता का? केवढं पाणी सांडलंय इथे!"

मी फडकं घेऊन गेलो.

असं होतं काही लोकांना, मी फरशी पुसताना विचार केला. माणूस जागच्या जागी थिजतो, दोन-पाच मिनिटांनी परत येतो आणि त्याला पत्ताही नसतो. डॉक्टर त्याला नाव देतात आणि गोळ्या देतात. आणि हे तसंच आहे की नाही ते बघायचं असेल तर सोपं होतं. वायर आणखी एकदा काढायची.

एवढं साधं होतं. मी ते केलं नाही.

८

तेव्हापासून वायर जोडलेलीच आहे. वीज गेली तर अडायला नको म्हणून मशीनला बॅटरी लावली. जे काय आहे ते नेमकं कुठे आहे, माइकमध्ये, मशीनमध्ये की रेकॉर्ड झालेल्या फाइलींमध्ये, हे मला माहीत नव्हतं. म्हणून मी काही बंद करत नव्हतो आणि काही पुसत नव्हतो. रिकाम्या खोलीची मिनिटंसुद्धा मी एकेक करून जपून ठेवली.

बायको बरी होती. हसायची, जेवायची, फोनवर बोलायची. फक्त मध्येच एकदा, भाजी निवडताना, म्हणाली, "मला हल्ली कशाची घाई होत नाही बघा."

"म्हणजे?"

"म्हणजे काही व्हावं असंही वाटत नाही, होऊ नये असंही नाही. वाईट नाहीये हो ते. तुम्हाला मागच्या वर्षी असंच वाटायचं का? कान गेला तेव्हा?"

"हो," मी म्हटलं.

"मी तुमच्यावर चिडायचे. म्हणायचे, तुम्ही ऐकत नाही माझं काही. बसल्या बसल्या दगड झालात." ती देठ मोडत राहिली. "आता कळलं."

मी तिला सांगायला हवं होतं. ताईने जिन्यात विचारलं तेव्हाच सांगायला हवं होतं. पण सांगितलं तर ती स्वतःच जाऊन वायर काढेल, असं मला वाटलं. ती तशी आहे. आणि मग डाव्या बाजूला पुन्हा काही नसेल, हेही मला वाटलं. आधी कुठलं वाटलं, ते मी आज शपथेवर सांगू शकणार नाही.

९

परीक्षा संपल्या त्या दिवशी सरांचा फोन आला.

"बाईंना आमचे आभार सांगा," ते म्हणाले. "मुलांनी पेपर छान लिहिलेत. एक जरा गंमत सांगू का? मुलं म्हणतात, धडा संपला तरी बाई जात नाहीत."

"म्हणजे?"

"बसून राहतात म्हणे. श्वास ऐकू येतो. मी म्हटलं, फाइल लांब असेल. तर म्हणे मशीन बंद केल्यावरही येतो. लहान आहेत, एकाने सुरू केलं की सगळे तेच म्हणतात."

"आणि तुम्हाला?"

"मलाही येतो," ते म्हणाले. मग घाईने म्हणाले, "असो. वर्ष संपलं की आम्ही सगळी मशीनं पुसतो, पुढच्या पुस्तकांना जागा करायला. बावीस आहेत. आज दुपारीच बसतोय."

"सर, पुसू नका. मी येतोय."

"का हो?"

"येऊन सांगतो."

बायको मागे येऊन उभी होती. "कुठे, शाळेत? थांबा, मीही येते. वर्षभर वाचतेय, मुलांना एकदा भेटू तरी."

मी तिची वाट बघत दारात उभा राहिलो.

शाळा एका लांबट, बैठ्या इमारतीत आहे. सरांनी आम्हाला सरळ वर्गातच नेलं. खिडकीशी एक मोठं टेबल होतं. त्यावर मुलांची ती हातात मावणारी ऐकायची मशीनं चार ओळींत मांडून ठेवली होती. सगळी बंद. वीसेक मुलं-मुली बाकांवर बसली होती. आम्ही फळ्यापाशी उभे राहिलो, टेबल आमच्यापासून दहा पावलं लांब.

"सांगा बरं, आज कोण आलंय?" सर म्हणाले.

मुलं उठली. कुणी हसलं, कुणी शेजाऱ्याला कोपर मारलं. "बाई!" एक मुलगी ओरडली आणि मग सगळीच ओरडली, "बाई! बाई!" आणि सगळ्यांनी तोंडं वळवली.

टेबलाकडे.

बायकोने त्यांना बघून हात वर केला होता. तो तसाच राहिला.

"अरे, मी इकडे आहे," ती म्हणाली.

चेहरे दचकून तिच्याकडे फिरले. ती पुढे काही बोलेल म्हणून मुलं थांबली. ती बोलली नाही. तेव्हा एकेक चेहरा हळूहळू परत खिडकीकडे, त्या चार ओळींकडे वळला. सगळ्यांत पुढच्या मुलीने टेबलाच्या दिशेने हात पुढे केला आणि हळूच विचारलं, "बाई, तुम्ही किती लांबून बोलताय?"

सरांनीही मान त्याच बाजूला कलती केली होती. मग त्यांच्या ते लक्षात आलं असावं, कारण त्यांनी ती सरळ केली.

बायको माझ्याकडे बघत राहिली. मी खाली बघितलं नाही, एवढंच मला करता आलं. माझ्या कानाला हेडफोन नव्हता, त्यामुळे मला डावीकडे काही ऐकू येत नव्हतं आणि उजवीकडे वीस मुलांचे श्वास येत होते. फक्त मुलांचे.

तिने हात खाली घेतला. फळ्याजवळची खुर्ची उचलली, बाकांच्या कडेने पाय न वाजवता गेली आणि टेबलामागे, त्या मशीनांच्या ओळींना अगदी लागून बसली. आता सगळ्या मुलांची तोंडं तिच्याकडे होती. तिने पदर सारखा केला आणि दोन्ही हात टेबलावर ठेवले.

"हं, आता बोला," ती म्हणाली. पुढच्या मुलीने समाधानाने मान हलवली.

मुलांनी तिला अर्धा तास काय काय विचारलं. निघायच्या वेळी सर म्हणाले, "बरं, मग हे पुसू नका म्हणत होतात, त्याचं काय?"

मी तोंड उघडण्याआधी बायकोच बोलली.

"राहू द्या, सर," ती म्हणाली. "इतक्यात नको."